अधिवास प्रमाणपत्र

इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी एक कागद धावपळ करून काढला असेल. सेतू कार्यालयाची रांग, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, 'उद्या या' हे ठरलेलं उत्तर, आणि शेवटी एकदाचा हातात पडलेला तो शिक्क्याचा कागद. त्यावर 'अधिवास' असा एक शब्द होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे त्याचा अर्थ बाबांना विचारावा लागला. "अगं, डोमिसाईल!" एवढं सांगून ते मोकळे झाले.

दोन वर्षांनी हाच शब्द मला जंगलावरच्या एका मराठी पुस्तकात भेटला. प्राणी, पक्षी, झाडं जिथे राहतात, खातात, पिल्लं वाढवतात त्या जागेलाही मराठीत अधिवासच म्हणतात. म्हणजे डोमिसाईल त्यांनाही असतं! फक्त त्याचा दाखला कुठल्याही कार्यालयात मिळत नाही, आणि म्हणून त्यांची जागा गेली तर ती किती गेली हे त्यांना विचारून ठरत नाही. ते ठरवतो आपण. आपण म्हणजे पुढेमागे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणारे इंजिनिअर.

असा एक रिपोर्ट मीही लिहिला आहे. गेल्या सेमिस्टरच्या सर्व्हे कॅम्पमध्ये आमच्या चौघींच्या ग्रुपला एक बायपास आखायचा होता. टोपोशीटवर मध्येच जंगलाचा एक हिरवा तुकडा येत होता. हिशोबाला सोपा पडावा म्हणून आम्ही तो एक किलोमीटर बाय एक किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर धरला. रस्ता बरोब्बर त्याच्या मधून नेला. सरळ रेषा म्हणजे कमी लांबी, कमी लांबी म्हणजे कमी खर्च. रस्त्यासाठी लागणारी रुंदी ३० मीटर, लांबी १००० मीटर, झाले ३ हेक्टर. रिपोर्टमध्ये 'पर्यावरणावरील परिणाम' या मथळ्याखाली एकच वाक्य होतं: 'बाधित वनक्षेत्र ३ टक्के, परिणाम नगण्य.' व्हायवात त्यावर एकही प्रश्न आला नाही. मार्क झकास पडले.

ते वाक्य माझं होतं. ते चूक होतं, आणि का चूक होतं हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

एक फॉर्म्युला आणि आपलं हॉस्टेल

बेटांवर जीवजाती किती असतात, याचा अभ्यास शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून करत आले आहेत. त्यातून एक साधं समीकरण निघालं: एस बरोबर सी गुणिले ए रेज टू झेड. एस म्हणजे जातींची संख्या, ए म्हणजे बेटाचं क्षेत्रफळ, सी आणि झेड हे स्थिरांक. बेटांच्या बाबतीत झेड साधारण ०.३ च्या आसपास येतो. ज्यांना लॉग २ ची किंमत पाठ आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल की क्षेत्रफळ दहापट झालं की जाती साधारण दुप्पट होतात. उलट बाजूने वाचा: क्षेत्रफळ एक दशांश उरलं की जाती निम्म्या.

असं का होतं, याचं उत्तर १९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका पुस्तकात नीट मांडलं. बेटावर नव्या जाती बाहेरून येत असतात आणि असलेल्या जाती तिथून नाहीशा होत असतात. या दोन्हींचा जिथे तोल साधतो, तेवढी जातींची संख्या. बेट किनाऱ्याजवळ असेल तर येणारे जास्त. बेट मोठं असेल तर नाहीसे होणारे कमी.

अवघड वाटतंय? आपल्या हॉस्टेलचं उदाहरण घ्या. चारशे मुलांच्या हॉस्टेलात गॅदरिंगसाठी तबलेवाला कुठून तरी मिळतोच. तो पास आऊट झाला तरी ज्युनिअर्समध्ये दुसरा निघतो. आता याच हॉस्टेलचे आठ-आठ मुलांचे पन्नास वेगळे बंगले करा आणि एका बंगल्यातून दुसऱ्यात जायला बंदी घाला. खोल्या तेवढ्याच, मुलं तेवढीच, एकूण चटई क्षेत्र अगदी शंभर टक्के कायम! पण बहुतेक बंगल्यांत तबलेवाला पहिल्या दिवसापासूनच नसेल. ज्या एकात आहे, तिथला तो गेला की तबला कायमचा बंद. कारण दुसरा यायला वाटच नाही. क्षेत्रफळ कमी न करताही तुकडे पाडून काय काय घालवता येतं, ते एवढ्यावरून कळावं.

धरणांनी केलेले प्रयोग

आता खरी बेटं पाहू. आणि ही बेटं निसर्गाने केलेली नाहीत, आपल्याच बिरादरीने केलेली आहेत.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर गाटुन धरण बांधलं. १९१४ साली कालवा सुरू झाला तोवर खोरं पाण्याखाली गेलं होतं आणि एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला होता. त्याचं नाव बारो कोलोराडो. क्षेत्रफळ सुमारे १५०० हेक्टर, घनदाट जंगल. १९२३ पासून ते राखीव आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही, रस्ता नाही, वस्ती म्हणाल तर संशोधन केंद्राची. तरीही त्या बेटावरून पक्ष्यांच्या साठच्या वर जाती नाहीशा झाल्या. यातल्या काही उघड्या माळावरच्या होत्या. मोकळ्या जागी पुन्हा जंगल वाढलं म्हणून त्या गेल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दाट जंगलात, जमिनीलगत राहणारे पक्षीही गेले. समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो. तिथे तेच पक्षी आहेत. मग ते उडून परत का येत नाहीत?

हा प्रश्न काही संशोधकांनी थेट पक्ष्यांनाच विचारला. गाटुन तलावात त्यांनी जंगलातले पक्षी होडीतून नेले आणि किनाऱ्यापासून १००, २००, ३०० मीटरवर सोडून दिले. काही जाती आरामात पार गेल्या. काहींना मात्र १०० मीटरही उडता आलं नाही. ते पाण्यात पडले आणि त्यांना उचलून घ्यावं लागलं. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंख आहेत म्हणजे उडून जाईल, असं आपण धरून चालतो. ज्याचा सगळा जन्म झुडपातून झुडपात उड्या मारण्यात गेला, त्याला १०० मीटर उघडं पाणी म्हणजे समुद्रच. आपल्या मेन गेटपासून कँटीनचं अंतर मोजा, बहुधा १०० मीटरहून जास्त भरेल.

दुसरं उदाहरण थायलंडचं. तिथे १९८६-८७ मध्ये रत्चप्रभा धरण भरलं आणि च्यू लान जलाशयात डोंगरमाथ्यांची शंभराहून जास्त बेटं झाली. संशोधकांनी त्यातल्या १६ बेटांवर पिंजरे लावून उंदीर, खारी, चिचुंद्र्या अशा लहान सस्तन प्राण्यांची मोजणी केली. पहिली मोजणी बेटं होऊन ५ ते ७ वर्षांनी, दुसरी सुमारे २५ वर्षांनी. पहिल्या मोजणीत १० हेक्टरपेक्षा लहान बेटांवरचे मूळचे प्राणी जवळजवळ संपले होते. त्याहून मोठ्या, म्हणजे ५६ हेक्टरपर्यंतच्या बेटांवर बरेचसे टिकून होते. २५ वर्षांनी पाहिलं तर मोठ्या बेटांवरचेही जवळपास सगळे गेलेले! त्यांच्या जागी कोण? बाहेरून आलेला एक शेतातला उंदीर. गूगल अर्थवर ही बेटं आजही हिरवीगार दिसतात. आत मात्र उंदरांचं राज्य.

मला या उदाहरणातली खरी भीतीदायक गोष्ट वाटते ती मधल्या वर्षांची. पाचव्या वर्षी एखादी समिती त्या ५० हेक्टरच्या बेटावर गेली असती तर तिने 'परिस्थिती समाधानकारक' असंच लिहिलं असतं. आपल्यातल्या ज्यांनी एज्युकेशन लोन घेतलंय त्यांना हे चटकन समजेल. कॉलेजची चार वर्षं हप्ता नसतो, सगळं कसं छान वाटतं. पण लोन असतंच, हप्ते नंतर सुरू होतात. तुकडा पडतो त्या दिवशी त्यातल्या काही जाती जायच्या हे ठरून जातं. प्रत्यक्ष जायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत तोवर केव्हाच संपलेली असते, आणि रिपोर्ट लिहिणारा इंजिनिअर प्रमोशन घेऊन दुसरीकडे गेलेला असतो.

तिसरं, ब्राझीलमधलं बाल्बिना धरण. अ‍ॅमेझॉनच्या सपाट जंगलात १९८७ साली पाणी अडवलं, स्थापित क्षमता फक्त २५० मेगावॅट. आपल्या कोयनेची १९६० मेगावॅट आहे, कारण कोयनेचं पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरतं आणि त्याला उंची मिळते. बाल्बिनाला उंची नाही, म्हणून पाणी दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसरलं आणि साडेतीन हजारांवर बेटं तयार झाली. त्यातल्या ३७ बेटांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की सस्तन प्राणी, मोठे पक्षी आणि कासवं यांचं वैविध्य ४७५ हेक्टरपेक्षा मोठ्या बेटांवरच नीट टिकतं. आणि एवढी मोठी बेटं आहेत किती? १०० तल्या एकाहूनही कमी. थोडक्यात, पाण्याखाली न गेलेलं जंगलही बहुतांश गेल्यातच जमा.

माझे ३ टक्के

"पण आमच्या रस्त्याला कुठे पाणी होतं?" हा प्रश्न मलाही पडला. बेट व्हायला पाणी लागतंच असं नाही. ब्राझीलमध्येच मनाऊसजवळ १९७९ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडताना १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवले आणि त्यांचं काय होतं ते पाहिलं. १०० हेक्टरच्या तुकड्यांतूनही झाडोऱ्याखाली राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत गेल्या. शिवाय जंगलाच्या कडेला ऊन आणि वारा आत घुसतो, मोठी झाडं वाळतात, उन्मळून पडतात. कडेपासून साधारण १०० मीटरपर्यंत हा परिणाम ठळक दिसला. म्हणजे कडेचं जंगल हे नावालाच जंगल.

आता माझा हिशोब पुन्हा करते. १०० हेक्टरचा चौकोन, चारही कडांनी १०० मीटर सोडले की आत उरतो ८०० बाय ८०० मीटर, म्हणजे ६४ हेक्टर खरं जंगल. मधून ३० मीटरचा रस्ता नेला की ४८५ बाय १००० मीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येकाच्या कडा सोडल्या की आत उरतात २८५ बाय ८००, म्हणजे २२.८ हेक्टर. दोन्ही मिळून ४५.६. चौसष्टातून १८.४ हेक्टर गेले, म्हणजे जवळजवळ २९ टक्के. आणि उरलेलंही दोन वेगळ्या तुकड्यांत.

मी लिहिलं होतं ३. उत्तर होतं २९.

तोच रस्ता, तीच रुंदी, तेच ३ हेक्टर, पण चौकोनाच्या कडेने नेला असता तर? आत उरले असते ७७० बाय ८००, म्हणजे ६१.६ हेक्टर. तोटा ४ टक्क्यांहून कमी, आणि जंगल अखंड. आमच्या अलाइनमेंटमध्ये फक्त एक वळण जास्त लागलं असतं. आपल्याकडच्या कोरड्या जंगलात १०० मीटरचा आकडा वेगळा येईल हे मान्य. पण मुद्दा आकड्याचा नाही, पद्धतीचा आहे. किती जमीन गेली हे विचारून भागत नाही. किती तुकडे झाले, प्रत्येकात आतलं जंगल किती उरलं आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट आहे का, हेही विचारावं लागतं.

कुणी म्हणेल, शेताला पाण्याची उपमा कशी चालेल? बिबट्या तर जुन्नरच्या उसातही राहतो. बरोबर आहे. प्रत्येक जंगलाचा तुकडा हा काही पुरा बेट नसतो, आणि यावर शास्त्रज्ञांचेही वाद आहेत. काहींच्या मते खरा दोष अधिवास कमी होण्याचा आहे, निव्वळ तुकडे होण्याचा दोष तेवढा मोठा नाही. पण बिबट्याला जमतं म्हणून सगळ्यांना जमतं असं नाही. पावसाळी रात्री हायवेवर चिरडलेले बेडूक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. बिबट्याला जे शेत आहे ते बेडकाला पाणीच आहे, असं म्हणायला हरकत नाही.

भागाकार कशाने करायचा?

आता आपल्या देशातलं उदाहरण, आणि तेही खऱ्याखुऱ्या बेटाचं. ग्रेट निकोबार या आपल्या दक्षिण टोकाच्या बेटावर बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं आहे. अंदमान-निकोबारच्या एकूण जंगलाने भागलं तर हा आकडा दोन टक्क्यांहून कमी येतो, आणि प्रकल्पाच्या बाजूने हाच आकडा पुढे केला जातो. पण ग्रेट निकोबार बेट आहे सुमारे ९१० चौरस किलोमीटरचं. त्याने भागलं तर १४ टक्के. अंश तोच, छेद बदलला की दोनाचे चौदा! मातीचा ढीग रचून त्यात अंडी घालणारा निकोबारी मेगापोड पक्षी जगात फक्त निकोबार बेटांवर आहे. शोंपेन हे काही शेकडा माणसांचे आदिवासी फक्त ग्रेट निकोबारवर आहेत. त्यांच्या दृष्टीने शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अंदमानचं जंगल छेदात धरून काय उपयोग? आणि या तोडीच्या बदल्यातली झाडं लावायचं ठरलं ते हरियाणात. बंदराची देशाला गरज आहे की नाही हा वाद माझ्या अभ्यासापलीकडचा आहे. पण कशाला कशाने भागायचं हा प्रश्न नक्कीच आपल्या अभ्यासातला आहे.

उलट दिशेचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. काही ठिकाणी ५० मीटर, एका ठिकाणी तब्बल ७५० मीटर. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावून पाहिलं तर १८ जातींचे वन्यप्राणी या पुलांखाली टिपले गेले, आणि त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. वरून ट्रक, खालून वाघ! पुलाखाली रस्ता नाही, नदीही नाही, तरी पूल बांधला, ही गोष्ट मला कुठल्याही केबल-स्टेड ब्रिजपेक्षा भारी वाटते. याने सगळं भरून निघतं असं मी म्हणणार नाही. झाडावरून झाडावर जाणाऱ्यांना तो पूल कामाचा नाही. पण डिझाइनच्या वेळी कोणी प्रश्न विचारला तर उत्तर निघतं, हे त्यातून सिद्ध होतं.

मी काही 'रस्ते नकोत, धरणं नकोत' असं म्हणणाऱ्यांपैकी नाही. मी सिव्हिलला आले ती बांधायलाच. रात्री बारा वाजता हॉस्टेलचे दिवे गेले की सगळ्यात आधी मीच ओरडते. माझी तक्रार आहे ती आपल्या अभ्यासक्रमाबद्दल आणि स्वतःबद्दल. आपल्याकडे पर्यावरणाचा पेपर म्हणजे आदल्या रात्री गाईड वाचून पास व्हायचा विषय. सर्व्हेइंग, हायवे आणि धरणांच्या पेपरशी त्याची कधी गाठच पडत नाही. बीममध्ये क्रॅक दिसली तर आपण तिचं क्षेत्रफळ काढून 'नगण्य' असं लिहितो का? ती कुठे आहे, कुठवर जाते, हे बघतो. तेच जंगलातल्या रेषेला का नको?

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. यापुढे सर्व्हे कॅम्पच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये टक्केवारीच्या खाली आणखी चार ओळी सक्तीच्या करा: तुकडे किती झाले, आतलं जंगल किती उरलं, टक्केवारीचा छेद कोणता धरला, आणि कडेने जाणारी दुसरी अलाइनमेंट काढून पाहिली का. एका संध्याकाळचं काम आहे. आणि ज्युनिअर्सना सांगणं एवढंच, की व्हायवात कोणी विचारत नाही म्हणून लिहू नका असं नाही. पंचवीस वर्षांनी विचारायला कोणी समोर नसतं.

आमचा स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट डिपार्टमेंट लायब्ररीत आहे आणि पुढच्या बॅचेस त्याच्यावरून छापतील, हे काय मला माहीत नाही? म्हणून ते एक पान बदलून द्यायची परवानगी मी सरांकडे मागितली आहे. सर आधी हसले, मग म्हणाले, "मार्क बदलणार नाहीत हं!" नाही बदलले तरी चालतील. 'नगण्य' हा शब्द तेवढा तिथून काढायचा आहे.